दुर्बिणीवरची राखण

१

आधी माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नाशकात गंगापूर रोडला आमचं छोटंसं ऑफिस आहे. शनिवार-रविवारी लोकांना कुठेतरी न्यायचं, डोंगर दाखवायचा, पिठलं-भाकरी खाऊ घालायची आणि अंधार पडायच्या आत घरी आणून सोडायचं, हा धंदा. त्यात माझ्या वाट्याला इतिहास आला. म्हणजे फार खोल नाही हं, चहाचा कप संपेपर्यंत वाचून व्हावा इतकाच. माहितीचे फलक मी लिहिते, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंना आवाजही मीच देते. निकिता म्हणते की मोहिनीला कसलीही पडकी भिंत द्या, ती बोलायला लागते. निकिता म्हणजे मालकीण, पण मालकीण म्हटलेलं तिला आवडत नाही. बाई लाख माणूस आहे. पुढे जे झालं त्यात तिचं काडीचंही चुकलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच तिच्यावर घसराल.

दिवाळीच्या आधी तिने एका सकाळी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डोंगराच्या अगदी कड्यावर उभा असलेला काळा चौकोनी मनोरा. महायुद्धाच्या काळातला, टेहळणीचा. समुद्राकडून शत्रूची विमानं आली तर देवळालीच्या छावणीला आधी कळावं म्हणून साहेबलोकांनी बांधलेला. पावसाळा सरला की एखाद्या स्वच्छ दिवशी तिथून खालच्या सपाटीपलीकडे समुद्राची पांढरी रेघ दिसते म्हणे. नाशिकच्या लोकांना नाशकातूनच समुद्र दाखवायचा, या कल्पनेने निकिता नुसती नाचत होती.

मी त्या मनोऱ्याच्या सावलीत वाढले. सुरगाण्याच्या पुढे टेंभुरपाडा आहे, तिथे माझं माहेर. गावात त्याला मनोरा कोणी म्हणत नाही, दुर्बीण म्हणतात. वरची दुर्बीण साहेब जाताना घेऊन गेले, नाव तेवढं राहिलं.

मी तोंड शक्य तितकं कोरं ठेवलं आणि विचारलं, "छान आहे गं. कुठे आहे हे?"

आता हे असं का, तेही सांगायला हवं. माझे यजमान रविराज सटाण्याचे, आडनाव देवरे. ऑफिसात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, म्हणजे तुम्ही कांदेवाले का? मी हसले. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी हो असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. तेव्हापासून मी कांदेवाली. भोयांच्या घरची, नागलीच्या भाकरीवर वाढलेली, डोंगरातली पोर कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. मला कोणी कधी हिणवलेलंसुद्धा नाही हो. कोणी मारायच्या आधीच मी पाठ वाकवून बसले होते.

आणखी एक. आमच्या गावात तिन्हीसांजेला दुर्बिणीच्या अंगाने एक हाळी येते. लांब, ओढलेली, "कोणी नाय." ती आली की आई चुलीपुढून उठून दिवा लावायची. आम्ही समजायचो की कोणीतरी शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलंय आणि सगळं ठीक आहे म्हणून गावाला कळवतंय. कोणाच्या घरचं माणूस, ते कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात शेतं उघडी पडतात, राखायला काही नसतं, तेव्हाही ती यायची. हे माझ्या ध्यानात आत्ता आत्ता आलं.

२

आम्ही दोघीच गेलो. निकिता गाडी चालवत होती आणि मी घाटाघाटाला मनात मांडे खात होते. शनिवार आहे, आई बाजाराला गेलेली असेल. हिरामण शेतावर असेल. हिरामण माझा धाकटा भाऊ. आपण वरच्या वाटेने जाऊ, कोणी दिसणार नाही.

गाडी पाड्यापाशी थांबली आणि समोरून आई आली. डोक्यावर गवताचा भारा, तिच्यामागे बैल हाकत हिरामण. मला बघून तिचं तोंड असं फुललं की भाऱ्याखालून नुसते दातच दिसत होते. तिने भारा तिथेच टाकला आणि हात पुसत पुढे यायला लागली.

मी गाडीच्या काचेत बघत केस नीट करायला लागले.

निकिताने विचारलं, "कोण आहेत या?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "गावातल्या असतील."

आई दोन हातांवर होती. तिला ऐकू गेलं. तिने काय करावं? तिने हसू मिटून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या बाई, लांबून आल्या. पाणी प्या." मला म्हणाली हो ती. जिने मला न्हाऊमाखू घातलं ती मला बाई म्हणाली, अहो-जाहो केलं. तांब्या माझ्या हातात देताना तिने माझ्या बोटांनाही हात लावला नाही, उगाच कोणाला काही कळायला नको म्हणून. मला वाटलं, धरणी फाटली तर बरं. पण धरणी कशाला फाटते? मी पाणी प्यायले आणि थँक्यू म्हटलं.

हिरामण वस्ताद. त्याने एका नजरेत ओळखलं आणि मला मॅडम म्हणायला लागला. वाट दाखवायला तोच पुढे झाला. निकिताचं लक्ष नसलं की माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा, जसं काही आम्ही लहानपणीसारखं कोणाला तरी फसवतोय. त्याला त्यात गंमत वाटत होती. निदान मला तरी तसंच वाटून घ्यायचं होतं. आई मागून हळूहळू चालत कड्याच्या खालपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली, डोळ्यांवर हाताची सावली धरून. मी सुट्टीत यायची तेव्हा बसची वाट बघायला ती अशीच उभी राहायची.

३

मनोरा आतून मला ठाऊक नव्हता. लहानपणी आम्हाला तिकडे जाऊ देत नसत. पडकं आहे, साप निघतात, असं सांगत.

खाली काळ्या दगडाची रिकामी खोली, कोपऱ्यातून वर जाणारा लोखंडी जिना. जिना गंजून पार पापड झालेला, प्रत्येक पायरीला वेगळा आवाज. वर सिमेंटची खोली आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीत डोळ्यांच्या उंचीवर आडवी, हातभर रुंद फट. फटीसमोर सिमेंटचा ओटा, बसायला. बाकी काही नाही. वटवाघळांच्या लेंड्यांनी सगळी जमीन काळी झाली होती आणि नाकात तो आंबूस वास भरला होता.

फक्त तो ओटा स्वच्छ होता. मी हात फिरवला. मध्ये खोलगट झालेला, गुळगुळीत, रोज कोणी बसतं तशा पायरीसारखा. फटीची खालची कडसुद्धा दोन जागी झिजलेली होती, कोपरं टेकावीत तशी. मी म्हटलं, वारा असेल. वारा एवढं काही करतो की नाही मला माहीत नाही, पण मी वाऱ्यावर ढकललं. फटीतून निकिताला समुद्र दिसला. ती आनंदाने ओरडली. मला नुसता उजेड दिसला.

खाली आल्यावर तिने हिरामणला विचारलं की इथे पहाऱ्याला कोण बसायचं, माणसं कशी बदलायची. हिरामणने सांगितलं, गावचीच माणसं बसायची, साहेबांनी ठेवलेली. आणि शेताच्या माळ्यावर जशी राखण बदलते तशीच इथे बदलायची. दुसऱ्याने खाली उभं राहायचं आणि हाळी द्यायची, अमक्याच्या घरचा अमका आलाय, उतर. ती हाळी ऐकल्याशिवाय वरचा उतरत नाही. खाली सख्खा बाप उभा असला तरी नाही. शेतावरची नजर क्षणभर हलता कामा नये, म्हणून. हे सगळं मला पाठ होतं. मी मान डोलावत नव्याने ऐकल्यासारखं करत राहिले.

निकिताचे डोळे चमकले. हे व्हिडिओत हवंच. तिने हिरामणला हाळी द्यायला सांगितलं, तर तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "नाय बाई. आमच्यात खोटी हाळी देत नाय."

"मोहिनी, मग तू दे ना," निकिता म्हणाली. "तुझा आवाज आहे."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एक खोटं लपवायला बाईमाणूस काय काय करतं. नाही म्हणाले असते तर का नाही ते सांगावं लागलं असतं. हिरामण माझ्याकडे बघत होता. आता तो डोळे मिचकावत नव्हता. त्याने मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

मी तोंडाशी हात धरले. वाटलं होतं, नाटकात देतात तशी काहीतरी हाळी देईन. पण आवाज छातीतून निघाला तो घरचाच, डोंगराचा, इतकी वर्षं नाशकात कोंडून ठेवलेला. आणि त्याला नाव लागतं. घराचं आणि माणसाचं. माझं नाव घेतलं तर संपलं. कुठलंही खोटं नाव चाललं असतं, सोमा, गोमा, काहीही. पण तो आवाज खोट्या नावाचा नव्हताच. भोयांचं घर तोंडातून गेलं आणि त्या घरात माझ्याशिवाय दुसरं नाव होतं तेच मागोमाग गेलं.

"भोयांच्या घरचा हिरामण आलाय. उतर!"

दरीने ती हाळी दोनदा परत दिली. निकिता टाळ्या वाजवायला लागली. तुला सिनेमात घ्यायला हवं, असं काहीतरी म्हणत होती.

तेवढ्यात आत जिना वाजला. वरची पायरी, मग तिच्याखालची. प्रत्येकीचा आपला आपला आवाज, मघाशी आम्ही उतरताना झाला तोच, फक्त सावकाश. म्हाताऱ्या माणसाने हात धरून धरून उतरावं तसा. मग खालच्या खोलीत काहीच नाही. आम्ही तिघेही दाराकडे बघत होतो आणि दारात कोणी आलं नाही. फक्त दाराजवळचं वाळलेलं गवत वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं.

"लोखंड उन्हाने तडकतं," मी म्हटलं. निकिताला ते पटलं. हिरामणने खाली बघत पायातली चप्पल सारखी केली आणि गाडीच्या वाटेला लागला.

४

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फोनवरून आईचा फोन आला. आता मी परकी बाई नव्हते म्हणून तिने मला अगं म्हटलं.

हिरामण रात्री घरी आला नव्हता. बैल बांधले, माळ्यावर जातो म्हणून सांगितलं आणि गेला. माळ्यावर त्याची घोंगडी आहे, तो नाही. मी म्हटलं, रागावला असेल माझ्यावर. दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला निघून गेला असेल, पोरं जातात तशी. आई हं म्हणाली. तिला पटलं नाही की ती मला दुखवत नव्हती, कळेना. मग तिने आणखी एक सांगितलं. काल संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा ओट्यावरचा पाण्याचा तांब्या कोणीतरी पिऊन रिकामा केला होता आणि नीट पालथा घातला होता. तसा पालथा घालायची पद्धत तिच्या सासऱ्याच्या वेळची.

"आणि गं," ती म्हणाली, "सांजची हाळी आली ना, ती म्हाताऱ्या आवाजाची नव्हती."

मी फोन ठेवला आणि ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसले. निघताना निकिताने ड्रोन उडवला होता, मावळत्या उजेडात मनोरा आणि गाव एकदम दिसावं म्हणून. ते चित्रीकरण ड्रोनचं होतं, पण आवाज तिच्या मोबाइलवर वेगळा घेतलेला. मी दोन्ही जुळवले. वारा, बैलाच्या गळ्यातली घंटा, निकिताचं हसणं. मग हाळी. "कोणी नाय." शेवटचा य लांबवून, थोडा वर नेऊन सोडलेला. हिरामण लहान असल्यापासून असाच ओरडतो, गुरांना, बसला, मला.

चित्रात त्याच क्षणी हिरामण गाडीजवळ उभा होता. तोंड मिटलेलं. तो मनोऱ्याकडे वळून बघत होता.

मी ते कितीदा ऐकलं कोण जाणे. आवाज सारखे असू शकतात, भावकीत तर असतातच. दुसरा कोणी पोरगा असेल. मी अशी एकेक कारणं शोधत होते, आणि प्रत्येक कारणाच्या तळाशी माझीच हाळी होती. मागून निकिता आली, तिने एक हेडफोन कानाला लावला आणि विचारलं, हा आवाज कोणाचा, काय भारी आहे. मी म्हटलं, माहीत नाही गं.

पुन्हा तेच. जिभेला हाड नसतं म्हणतात, मला तर कणाही नव्हता.

५

मी एसटीने गेले, एकटी. आई पाड्याच्या तोंडाशीच उभी होती, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिने मला काही विचारलं नाही. ऑफिसातली बाई, पाणी, कोणी नाही, त्याबद्दल एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. ती नुसती पुढे चालायला लागली, कड्याकडे.

वाटेत मीच म्हटलं, "आई, हाळी मी दिली."

"ऐकली मी. माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाय का?"

"तिथे आधी कोण होतं?"

तिने फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, माझ्या सासऱ्याचा थोरला भाऊ, गेणूबाबा. साहेबांचं युद्ध संपलं, ते तारा गुंडाळून गेले. त्याला उतरवायला हाळी द्यायला कोणी गेलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत सगळेच राहिले. नंतर जायची लाज वाटायला लागली. एवढंच.

मला सांगायचं होतं की आई, हे शक्य नाही, माणूस इतकी वर्षं जगत नाही. पण ती हाळी मी रोज ऐकली होती आणि तिच्यावर घरचा दिवा लागला होता. काय तोंडाने सांगणार?

उन्हं कलली होती. मनोऱ्याच्या पश्चिमेला, कड्याच्या अगदी काठावरून एक पायवाट जाते, तिथून वरची फट समोरून दिसते. मी वर बघितलं. फटीत दोन कोपरं टेकलेली होती, त्यांच्यावर हनुवटी. हिरामणचा निळा शर्ट. तो लांब बघत होता, समुद्राकडे, आणि त्याचं तोंड इतकं शांत होतं की ते त्याचं वाटतच नव्हतं. हिरामण कधी गप्प बसत नाही हो. मी हाका मारल्या. हिरू म्हणून मारल्या. पापणी हलली नाही.

मी धावत आत गेले, जिन्याने वर. खोली रिकामी. ओटा रिकामा. ओट्यावर हात ठेवला तर तो ऊबदार होता, आणि फटीतून मला खाली आई दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी बघत होती.

कशी उतरले ते मला सांगता येणार नाही.

आई म्हणाली, "असा सापडायचा नाय तो. नाव सांग तुझं. घराचं सांग, तुझं सांग, आणि उतर म्हण."

आता तिथे कोणी नव्हतं. निकिता नव्हती, ऑफिस नव्हतं. ज्यांच्यापुढे मला लाज वाटते त्यातलं एकही माणूस दहा कोसांत नव्हतं. माझं खरं नाव मोठ्याने घ्यायला कोणाची आडकाठी नव्हती. मी तोंडाशी हात धरले, श्वास घेतला, भोयांच्या घरची एवढं ओठांवर आलं. आणि पुढे काही येईना. मी तशीच उभी, हात तोंडाशी, डोळ्यांतून पाणी. इतकी वर्षं मी माझं नाव लाजेने लपवलं असं समजत होते. लाज बरी असते हो. त्या वेळी मला फक्त भीती वाटत होती, माझ्या स्वतःच्या जिवाची, आणि समोर माझा भाऊ होता.

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला अगदी लहान असताना ताप आला की फिरवायची तसा. मग तिने भाकरींचं फडकं काखोटीला मारलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती थकली, टेकायला गेली. ती हाळी द्यायला लागली तेव्हासुद्धा मी तिला धरलं नाही. दोन पावलांवर होते मी.

"भोयांच्या घरची झुंबर आलीय. उतर रे बाळा."

जिना वाजला. या वेळी भरभर, तरण्या पायांचा. हिरामण दारातून बाहेर आला, उन्हाला डोळे बारीक करत. म्हणाला, बैलांना पाणी दाखवलं का, मला भूक लागली. त्याला कुठे होतो याची काही कल्पना नव्हती. मी त्याला घट्ट धरलं. त्याच्या खांद्यावरून मला आई दिसली, दारातून आत जाताना.

तिने वळून मला सांगितलं, "तू जा. गाडी चुकेल तुझी."

६

हिरामणला मी खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो उभ्या पावली जाऊन हाळी देईल आणि तिला उतरवेल, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी त्याला सांगितलं की आईला मी नाशकाला घेऊन आलेय. त्या संध्याकाळी त्याला बैलांना पाणी दाखवायला पुढे धाडलं आणि मागाहून फोनवर बतावणी केली, की आई आणि मी वरच्या वाटेने तशाच बसला गेलो. तो इतका खूश झाला. अख्ख्या पाड्याला सांगत सुटला, ताईने आईला नेलं, शेवटी नेलं. गावातल्या बायका मला आशीर्वाद देतात म्हणे.

तो फोन करतो. आईला दे म्हणतो. मी म्हणते, देवळात गेलीय, झोपलीय, शेजारणीशी गप्पा मारतेय. रविराजला वाटतं की आई गावी आहे. मधूनच हिरामण म्हणतो, ताई, सांजची हाळी हल्ली बाईमाणसाच्या आवाजात येते, कोणाच्या घरची असेल गं? मी म्हणते, असेल कोणीतरी. तो आणखी काही विचारत नाही. त्याने विचारावं असं मला वाटतं आणि विचारू नये म्हणून मी देवाला हात जोडते.

व्हिडिओ लोकांना फार आवडला. फलकही लागला, मजकूर माझाच. पहारेकऱ्यांची अदलाबदल कशी व्हायची ते त्यात आहे. कोणाचं नाव नाही.

काल हिरामणने कळवलं की रविवारी तो नाशकाला येतोय, आईला भेटायला. तिच्यासाठी नागलीचं पीठ आणि डोंगरातला मध घेऊन. आता पुढे ढकलायला जागा नव्हती. आज दुपारीच मी एसटी धरली. वाटभर मनात घोकत होते. भोयांच्या घरची मोहिनी आलीय, उतर आई. इतकंच तर आहे. पोरंसोरंसुद्धा म्हणतात. आई उतरेल, तिला मी खरोखर नाशकाला पाठवीन, हिरामण उद्या तिला भेटेल, आणि माझं जे व्हायचं ते होईल. गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या बाईला तिने न विचारताच सांगून टाकलं, मी टेंभुरपाड्याची, भोयांची. ती बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी जन्म घालवला.

कड्यावर पोचले तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. पायवाटेने पुढे गेले आणि फटीसमोर उभी राहिले.

आई बसलेली होती. कोपरं टेकून, डोळ्यांवर हाताची सावली धरून. हिरामण समुद्राकडे बघायचा, ती तिकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, वाटेकडे, जिथून बस येते. तिची नजर हळूहळू वाट चढत आली आणि माझ्यावर येऊन थांबली. तिने मला ओळखलं. मी शपथेवर सांगते, तिने ओळखलं, कारण तिचं तोंड फुललं, भाऱ्याखालून फुललं होतं तसंच.

मी हात तोंडाशी नेले.

तिने वाट बघितली. खूप वेळ बघितली. सूर्य गेला, दरीतून गार वारा आला, खाली पाड्यात कोणीतरी गुरांना हाका मारत होतं. माझे हात तोंडाशीच होते आणि तोंडातून वाराही निघत नव्हता.

मग आईने हसू मिटून घेतलं. पदर सारखा केला. आणि माझ्याकडे बघत, अगदी माझ्या डोळ्यांत बघत, तिने गावाला हाळी दिली.

"कोणी नाय."